चौथी सीट

आषाढातला रविवार. कल्याणची उपासना आज लांबली, त्यात आधीची खोपोली लोकल रद्द, त्यामुळे पुढचीला दोन गाड्यांची गर्दी. तुम्हांला जागा मिळाली तीही खिडकीशेजारची. तिघांचं बाकडं, तिघेच बसलेले, आणि चौथ्या सीटच्या वाटची टीचभर जागा तुमच्या कापडी पिशवीने अडवलेली. पिशवीत छत्री, पाण्याची बाटली आणि पवित्र शास्त्र.

कर्जतला ती चढते. वीस-बावीसची असेल. काखेत दोन-तीन महिन्यांचं बाळ, खांद्याला चेन तुटलेली मोठी निळी पिशवी, गळा मोकळा. समोरचे टोपीवाले आजोबा शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगतात, पण गाडीच्या खडखडाटावर मात करून सांगतात, म्हणून ते अख्ख्या खणाला कळतं. "वळखलं न्हाय? पनवेलला कामाला व्हती. आली हे घिऊन." हे म्हणजे बाळ.

ती तुमच्याकडे बघून म्हणते, "जरा सरकता का?"

तुम्ही मोबाइलमध्ये बघत राहता. ऐकू आलं नाही असं नाही. जिभेने एक बारीकसा आवाजही तुम्ही मघाशी काढलेला आहे, च्च. हा आवाज कणवेचा असतो की निकालाचा, हे काढणाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही. ती दुसऱ्यांदा विचारत नाही. दाराशी जाते, पाठ दांडीला टेकवते आणि बाळाच्या डोक्यावर पदराचा आडोसा करते. आजचा उपदेश योहानाच्या आठव्या अध्यायावर होता. तुम्ही त्यात दोनदा आमेन म्हणाला होतात.

पळसदरीला गाडी थांबते आणि थांबूनच राहते. पुढे काहीतरी सिग्नलचं झालंय. लोक उतरतात, पाय मोकळे करतात, कुणी तंबाखू मळतो. तीही उतरते आणि छपराखालच्या बाकावर बाळाला पाजायला बसते, सगळ्यांकडे पाठ करून. तुम्ही फलाटाच्या पार टोकाला जाता. समोर घाट ढगात शिरलाय. डोंगराच्या अंगावरून पांढऱ्या धारा लोंबतायत. पळसाची झाडं या दिवसांत ओळखूही येत नाहीत, सगळ्या हिरव्यात तीही हिरवी. पुण्याकडे जाणारी एक मालगाडी पलीकडून चढणीला लागते आणि तिच्या शेपटीला लागलेली इंजिनं धाप लागल्यासारखी तिला मागून ढकलत नेतात. रेल्वेची माणसं त्यांना बँकर म्हणतात. कर्जतला ती जोडतात, घाट चढून झाला की सोडून देतात. पुढच्या डब्यात बसलेल्या माणसाला ती कधी दिसत नाहीत.

फलाटाचा उतार संपतो तिथे खडी सुरू होते. तुम्ही वाकून एक दगड उचलता. काळा, धारदार, मुठीत बरोबर बसेल असा. उचलायचं कारण काही नाही. हात रिकामा असला की माणूस काहीतरी उचलतो.

इतक्यात घाटाच्या मार्गावर एक गाडी येऊन उभी राहते. डबे लाकडी, खिडक्यांना गज नाहीत, आणि पाऊस असूनही हवेत कोळशाचा वास. दार तुमच्यासमोरच उघडं आहे. तुम्ही चढता.

पहिला बोगदा येतो. अंधारात धूर आत घुसतो, डोळ्यांत कण जातो, कुणीतरी खोकतं. गाडी बाहेर पडते तेव्हा साल १९०० आहे.

हे तुम्हांला कुणी सांगावं लागत नाही. समोर पंधरा-वीस मुली बसल्यात, आणि त्या ज्या भाषेत कुजबुजतायत ती गुजराती आहे. गुजरातेत हा दुष्काळ छप्पनिया म्हणून ओळखला जातो, संवत १९५६चा म्हणून. मुलींची मनगटं तुमच्या अंगठ्याएवढी. गुडघे मांड्यांपेक्षा जाड. एकीने शिळ्या भाकरीचा तुकडा मुठीत धरलाय आणि ती तो खात नाही. पोट भरलंय म्हणून नव्हे, संपेल म्हणून. तिच्या शेजारची जरा मोठी, सोळा-सतराची. तिचे हातपाय काड्यांसारखे आणि पोट मात्र पुढे आलेलं. दुष्काळात पोट दोन कारणांनी पुढे येतं. तुम्ही तिच्याकडे बघता आणि कारण ठरवून टाकता. मुठीतला दगड नकळत आवळला जातो.

मुलींबरोबर एक बाई आहे, पांढऱ्या लुगड्यातली, थकलेली. ती त्या मुलीजवळ येते, तिच्या मानेला आपल्या खांद्याची उशी देते आणि तुम्हांला मराठीत म्हणते, "थोडं सरकून घ्या, हिला आडवं होऊ द्या."

तुम्ही सरकता. परक्या काळात माणूस जास्त सभ्य वागतो.

मुंबईकडून केडगावला जायचं तर हाच घाट चढावा लागतो. पळसदरी मागे पडते, मग खंडाळा, लोणावळं, पुणं, आणि पुण्याहून दौंडच्या रस्त्याला केडगाव. स्टेशनाबाहेर सपाट, करडं रान. पंडिता रमाबाईंनी ते घेतलं होतं फळबाग लावून विधवांसाठीच्या आपल्या शारदा सदनाचा खर्च भागवावा म्हणून. मग १८९६–९७ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला, त्या तिकडे जाऊन मुली घेऊन आल्या, पुण्यात प्लेग, मुलींना ठेवायचं कुठे? बागेच्या रानात झोपड्या उभ्या राहिल्या. २४ सप्टेंबर १८९८ला तिथे मुक्ती सदनाची रीतसर प्रतिष्ठापना झाली. तुम्ही उतरता तेव्हा तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात चाललीय. दगडी इमारती, खोल विहिरी, मागांची खटखट, आणि एकाच वेळी शेकडो भाकऱ्या थापल्याचा आवाज.

दुष्काळातून आलेल्या पोरी संतांसारख्या वागत नाहीत. त्या चोरून खातात, ओरबाडतात, शिव्या देतात, नव्या लुगड्यावरून झिंज्या उपटतात, काही पळून जातात. रमाबाईंनी हे लपवलं नाही. आपल्याकडे कृपेवर बोलताना लोक आवाज मऊ करतात आणि डोळे अर्धे मिटतात. इथे कृपा म्हणजे उवा झालेली डोकी भादरणं, खरूज धुणं, आणि जी काल तुम्हांला चावली तिला आज पुन्हा जेवायला वाढणं.

अंगणात रमाबाई उभ्या आहेत. वय बेचाळीस. बुटक्या, अंगावर पांढरं, केस कापलेले, डोळे करडे. तुमच्या गाडीतल्या मुलींकडे त्या एकेक करून बघतात. हे बघणं कुठून आलंय ते तुम्हांला ठाऊक आहे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली, आणि त्यांच्यामागे भावासोबत ही मुलगी अनवाणी मैलोन्‌मैल चालली. त्यांना ऐकू कमी येतं. बोलणाऱ्याला जवळ जाऊन बोलावं लागतं. माझ्या मनात नेहमी येतं की हे एक बरंच झालं. १८८२ला पुण्यात आल्या तेव्हापासून त्यांच्याबद्दल जे बोललं गेलं त्यातलं थोडं तरी हवेत विरलं असेल. विधवा असून परदेशी गेली, ख्रिस्ती झाली. शारदा सदनातल्या विधवा ख्रिस्ती होऊ लागल्याची ओरड झाली तेव्हा १८९३ला न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागारपदावरून दूर झाले. रेव्हरंडा असंही त्यांना हिणवलं गेलं. रेव्हरंड आणि रंडा, एकाच शब्दात पाद्रीपणाची टिंगल आणि वैधव्याची शिवी. मराठी माणसाची कोटी करण्याची हौस कधीकधी अशी दगड होऊन येते. धर्मांतराचा तो वाद अजूनही त्यांच्या नावाला चिकटून आहे, आणि त्यात विचारण्यासारखे खरे प्रश्नही आहेत. गंमत म्हणजे ख्रिस्ती लोकांनीही त्यांना सोडलं नव्हतं. इंग्लंडमध्ये ज्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्माच्या बाबतीत आईच्या जागी होत्या, त्यांच्या पत्रांत रमाबाईंच्या गर्वाबद्दलची टोचणी वरचेवर येते. एकीकडे बाटगी, दुसरीकडे अपुरी ख्रिस्ती.

त्या सोळा-सतराच्या मुलीला वेगळं काढतात. तुम्हांला वाटतं, आता चौकशी होणार. कुणाची, कुठली, कुणापासून. तिला ज्या बाजूला नेतात तिथे निराळा वाडा आहे. समाजाने ज्यांना पतित ठरवलं त्या बायकांसाठी रमाबाईंनी तो बांधलाय. नाव कृपा सदन. तुम्ही मागोमाग जाता, कान टवकारून. दारातली बाई मुलीच्या हातात पितळी वाडगा देते. त्यात पातळ कण्या, वर मिठाचा खडा. "सावकाश," ती म्हणते, "घाईनं खाल्लंस तर उलटून पडेल. अजून आहे." बस. एवढंच बोलणं होतं. मुलगी दोन घोट घेते आणि पहिल्यांदाच मान वर करते. तुमच्या मनातली चौकशी मनातच राहते, आणि ती ऐकायला तुम्ही किती अधीर होतात हे लक्षात येऊन कान गरम होतात.

हे नाव रमाबाईंनी निवडलं तेव्हा आश्रयगृह, सुधारगृह असले शब्द हाताशी होतेच. सुधारगृह म्हटलं की आत जाणारी बिघडलेली ठरते, दारातच. कृपा सदन म्हटलं की प्रश्न आत जाणारीकडे राहत नाही, दार उघडणाऱ्याकडे येतो. इथे वेळापत्रक होतं, घंटा होती, प्रार्थना होती, काम होतं. शिस्त कडक होती, आणि आजच्या डोळ्यांना त्यातलं काही जाचकही वाटेल. पण शिस्त जेवणानंतर आली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

तुम्ही दाराला टेकून उभे असता आणि पुन्हा अंधार येतो, बोगद्यासारखा, थंड.

या खेपेला उजेड पिवळट आहे. १८८३, लंडनचा फुलहॅम भाग. धुक्याला धुण्याच्या साबणाचा वास. एका मोठ्या घराच्या लांब खोलीत बायका शिवण करतायत. काहींच्या चेहऱ्यांवर जुने वण, एक दात नसलेली, एक सारखी खिदळणारी. वाँटेजच्या ख्रिस्ती मठातल्या सिस्टर त्यांच्यामधून ये-जा करतात, कुणाच्या पाठीवर हात ठेवतात, कुणाची सुई ओवून देतात. खोलीच्या दाराशी पंचवीस वर्षांची एक मराठी विधवा उभी आहे. शाकाहारी, हट्टी, संस्कृतात हजारो श्लोक पाठ. कलकत्त्याने तिला पंडिता आणि सरस्वती म्हटलंय.

तिचा चेहरा बघा. ती हादरलीय, पण तुम्ही समजता त्या कारणाने नव्हे. या बायका कोण आहेत हे तिला कळलंय. न कळणारी गोष्ट ती सिस्टर. चांगल्या घरची, शुद्ध वर्तनाची बाई, आणि ती या बायकांना हात लावते, त्यांच्याशी हसून बोलते. रमाबाईंना धर्मशास्त्रं तोंडपाठ. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात अशा बाईला राजाने भर लोकांत कुत्र्यांपुढे टाकावं असं सांगितलंय. वडिलांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवण्याचं धाडस केलं, पण या विषयावर शास्त्राने काय म्हटलंय तेच त्यांच्याकडूनही मिळालं. अशा बायकांजवळ दयेनं जायचं असतं हे कुणी कधी बोललेलंच नव्हतं.

पुढे १९०७ला लिहिलेल्या आपल्या साक्षीच्या पुस्तिकेत त्यांनी हा प्रसंग सांगितलाय. त्यांनी सिस्टरला विचारलं, तुम्ही हे का करता? सिस्टरने उत्तरादाखल योहानाचा चौथा अध्याय काढला. विहिरीवर भर दुपारी एकटी पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई, पाच नवरे होऊन गेलेली, सहाव्याबरोबर राहणारी. तिच्याकडे येशूने पहिली गोष्ट केली ती पाणी मागण्याची. तुम्ही हा अध्याय शेकडो वेळा ऐकलाय. रमाबाई तो त्या खोलीत ऐकतायत, शिवणाऱ्या बायकांच्या खिदळण्याच्या आवाजात. २९ सप्टेंबर १८८३ला त्यांचा आणि त्यांच्या छोट्या मुलीचा, मनोरमाचा, बाप्तिस्मा झाला. धर्म बदलण्याची कारणं माणसाला स्वतःलाही एका दमात सांगता येत नाहीत, पण त्या यादीत फुलहॅमचं हे घर त्यांनी फार वर ठेवलं.

तुमच्या लक्षात येतं की दगड अजून हातातच आहे. सिस्टरची नजर त्याकडे जाते. ती काही म्हणत नाही, सुई ओवत राहते.

पुन्हा काळोख, आणि पुन्हा घाट. पण उलट्या बाजूने, उताराला. साल १८६३, महिना एप्रिल. तुम्ही खाली उतरताय, पळसदरीकडे. १२ मे १८५६ला इथून खोपोलीपर्यंत रूळ पोचले होते. तिथून घाट चढायचा तो पालखीतून, घोड्यावर किंवा पायी. मग सात वर्षं हा डोंगर फोडणं चाललं. पंचवीस बोगदे, आणि चढ कुठेकुठे सदतिसात एक, म्हणजे सदतीस फूट पुढे जाताना एक फूट वर. ठेकेदार सोलोमन ट्रेडवेल येऊन थोड्याच दिवसांत मेला आणि त्याच्या बायकोने, ॲलिसने, ठेका पुरा केला. १८६१ला या घाटात ४२ हजार माणसं कामाला होती. पटकीने आणि तापाने त्यांतली हजारो गेली. त्यांची नावं नाहीत. तुमच्या हातातला दगडही त्यांच्यापैकीच कुणी फोडलेल्या या डोंगराचा. २१ एप्रिलला गव्हर्नर सर बार्टल फ्रियर घाटाचं उद्घाटन करतात. कमानी, झेंडे, बँड. ते तुम्ही बघून घ्या, मी फार वेळ थांबणार नाही.

कारण त्याच वर्षी, हा घाट चढून गेल्यावर येणाऱ्या पुण्यात, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढतात. विधवेने गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल घेऊन जावं किंवा ठेवून जावं. तशा मजकुराच्या जाहिराती भिंतींवर लागतात. नाहीतर काय होई ते सगळ्यांना माहीत होतं: विहीर, नाहीतर बाळाचा गळा आणि मग काळं पाणी. मूल ज्याचं त्याला कुणी शोधायला जात नसे. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, पण ख्रिस्ती झाले नाहीत, होणारही नव्हते. पुढे १८७४ला अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्या दोघांनी दत्तक घेतला. तो यशवंत, डॉक्टर झाला. रमाबाईंवर गाव तुटून पडलं तेव्हा १८८५च्या ‘सत्सार’मध्ये बाजू घेणारेही जोतीरावच. कृपेचा मक्ता आपल्या मंडळीकडे आहे असं समजून तुम्ही इतकी वर्षं उपासनेला जात असाल, तर पुण्याच्या त्या दारासमोर थोडं थांबून या.

शेवटचा बोगदा सगळ्यांत लांब.

बाहेर पडता तो पहाट संपलीय. उंच भिंती, फिकट पिवळा दगड, दूरवर छिन्नीचे आवाज. यरुशलेमेचं मंदिर अजून बांधलं जातंय, दगडांच्या कपच्या जिकडेतिकडे. अंगणात एक माणूस खाली बसून शिकवतोय आणि भोवती घोळका. मग दुसरा घोळका येतो, आवाज करत, मधोमध एक बाई. तिला उभी केलीय. पदर सावरायलाही हात मोकळा ठेवलेला नाही, दोघांनी दंड धरलेत. नियमशास्त्राने व्यभिचाराच्या गुन्ह्यात पुरुषाला आणि बाईला दोघांनाही मरणाची शिक्षा सांगितलीय. पुरुष कुठे दिसत नाही. पनवेललाही तो होताच की कुणीतरी. आजोबांच्या वाक्यात त्याला जागा नव्हती.

तुम्ही गर्दीत पुढे सरकता. इथे मात्र सरकणं किती सोपं जातं. आजूबाजूच्यांच्या मुठी बघता. सगळ्यांचे दगड फिके, चुन्याचे, इथलेच. तुमचा तेवढा काळा. तो तुम्ही घरून आणलाय.

बसलेला माणूस वर बघत नाही. खाली वाकून बोटाने जमिनीवर काहीतरी लिहितो. चारही शुभवर्तमानांत त्याने स्वतः काही लिहिल्याचा उल्लेख हा एवढाच, आणि काय लिहिलं ते कुणीच टिपलं नाही. तुम्ही टाचा उंचावता, पण समोरच्याचं डोकं आड येतं. लोक टोचत राहतात, उत्तर द्या. तो उठतो, एक वाक्य बोलतो. ते वाक्य तुम्हांला पाठ आहे, सकाळीच ऐकलंय. पण सकाळी ते स्पीकरमधून आलं होतं आणि तुमच्या हातात चहाचं कूपन होतं. तो पुन्हा वाकतो, पुन्हा लिहायला लागतो. मला नेहमी वाटत आलंय की या दुसऱ्या वाकण्यात सगळं आहे. वाक्य बोलल्यावर तो कुणाच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला असता, तर एकही माणूस मान खाली न घालता जाऊ शकला नसता. त्याने नजर काढून घेतली. बाईला वाचवताना दगडवाल्यांनाही निघून जायची वाट त्याने ठेवली.

पहिला दगड पडतो तो तुमच्या डावीकडच्या म्हाताऱ्याचा. पडतो म्हणजे, हातातून सुटतो. मग दुसऱ्या पिकल्या दाढीचा. योहानात तसंच आहे, वयाने मोठे आधी गेले. तरुण सगळ्यांत शेवटी.

ही गोष्ट योहानाच्या सगळ्यांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत सापडत नाही. काही हस्तलिखितांत ती लूकमध्ये जाऊन बसलीय. पाचव्या शतकात ऑगस्टीनने संशय घेतला की आपल्या बायका सोकावतील या भीतीने काही जणांनीच ती काढून टाकली असावी. म्हणजे ज्या गोष्टीत एका बाईला जागा मिळाली, तीच शतकानुशतकं या पुस्तकातून त्या पुस्तकात, दांडीला पाठ टेकवून उभी होती.

अंगण रिकामं होतं. बाई आहे, वाकलेला माणूस आहे, आणि तुम्ही आहात. आता तो मान वर करील. तुम्ही घाईघाईने दगड खिशात टाकता. टाकायला हवा होता जमिनीवर, हे कळतं तोवर अंधार.

भोंगा वाजतो. पळसदरी. पाऊस जोराचा लागलाय, लोक धावत डब्यात चढतायत. तुम्हीही धावता. या खेपेला करायचं काय ते ठरलेलं आहे, वाक्यही तयार आहे. ती दारातून आत येते, अर्धी भिजलेली, बाळ दुपट्यात गुंडाळलेलं. तुम्ही पिशवी उचलता, तोंड उघडता.

"ये पोरी, बस हितं." टोपीवाले आजोबा उठून उभे राहिलेत. सरकले नाहीत, उठलेच. "मला काय, केळवलीला उतरायचं. भिजलं का गं ते? पूस आदी."

ती क्षणभर त्यांच्याकडे बघते. मग बसते, तुमच्या समोर. निळी पिशवी पायाशी ठेवायला जाते तर खाली पाणी साठलंय, म्हणून तुमच्याकडे बघते आणि काही न बोलता बाळच तुमच्या हातांत देते, पदर पिळण्यापुरतं. बाळाला दुधाचा आणि ओल्या कापडाचा वास येतोय. ते तुमच्या शर्टाचं बटण पकडतं. गाडी हलते. खिशातला दगड मांडीला टोचतो. काढायला हवा, पण दोन्ही हात गुंतलेत.

"मान धरा हं," ती म्हणते, "अजून सांभाळत नाही."